आलो, म्हणालो होतो

सात वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, जवळच्या मित्राला नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तरी मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही दुसरंच काहीतरी पुटपुटून परत यायचो. चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा बोललो. जिला सांगायला हवं होतं तिच्याशी, आणि मग आईशी. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

कुठून सुरू करू?

मी जळगावात राहतो, पिंप्राळ्याला. कूलर, पंखे, फ्रिज दुरुस्त करतो. एप्रिल-मे आमच्याकडे काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. दुपारी बाराला रस्ते रिकामे होतात, नळाचं पाणी हाताला चटका देतं. त्या दोन महिन्यांत माझा फोन थांबत नाही. मी उचलतो आणि म्हणतो, "आलो." पंधरा मिनिटांत पोचणार असलो तरी आलो, दुसऱ्या दिवशी जाणार असलो तरी आलो. तोंडाला बसलेला शब्द आहे.

— बघा, हे मी सवयीवर ढकलायला सांगितलं. राहू द्या ते.

बायकोचं नाव मनीषा. माहेर शिंदखेडा. तिची आई ती दहावीत असतानाच गेली. घरी एकटे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, इथेच झालं. माझ्या आईने केलं, म्हणजे अक्काने. अक्काने कशात कमी केलं नाही. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला तेल लावायला रोज बाई. मुलगी झाली. गार्गी. वरच्या मजल्यावरच्या आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांत पाहुणे मावेनात. आतल्या खोलीत छताच्या कडीला झोळी बांधली, ती मी माझ्या हाताने.

मनीषा खुशीत होती का? मला वाटायचं, असणारच. कोण नसतं?

तिसऱ्या आठवड्यापासून तिचं बोलणं कमी झालं. बाळाला पाजताना ती भिंतीकडे बघत राहायची. बाळ झोपलं तरी हिला झोप लागायची नाही. एकदा दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. अक्का खाली गेलेली. मनीषा समोर बसली आणि हळूच म्हणाली, "अहो, मला भीती वाटते."

कशाची, म्हणून विचारलं.

"हिची. म्हणजे — माझीच. माझ्या हातून हिला काहीतरी होईल असं वाटतं."

मी घास तोंडात घातला. "असं बोलू नये," म्हणालो. "अक्काने ऐकलं तर काय म्हणेल?"

हे माझं उत्तर. एवढंच. नंतर ताट उचलून मोरीत ठेवलं आणि कामावर गेलो.

सव्वा महिन्याने बाळाला दाखवायला दवाखान्यात नेलं. तिथली सिस्टर चांगली होती. तिने मनीषालाही विचारलं, झोप लागते का, सारखं रडू येतं का, मनात काही वेडंवाकडं येतं का. मनीषाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सगळं व्यवस्थित आहे सिस्टर." तिने तसं लिहून घेतलं. मनीषा मान खाली घालून बाळाचं दुपटं सारखं करत राहिली.

हे सांगताना मला कळतंय की मी गोल गोल फिरतोय. हे झालं ते काहीच नाही. पुढचं सांगायचंय.

त्यानंतर ती मला कामावर फोन करायला लागली. "घरी या ना." मी दोनदा गेलो, हातातलं काम टाकून, उन्हातून स्कूटर दामटत. दोन्ही वेळा बाळ झोळीत शांत झोपलेलं आणि ही भिंतीला टेकून बसलेली. काय झालं विचारलं तर म्हणायची, "काही नाही. तुम्ही आलात ना, बस." तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मी चिडलो. अक्का घरात असताना मी कशाला हवा? चौथ्यांदा उचललाच नाही.

मग मे महिन्यातला तो दिवस. अक्काच्या बहिणीचे यजमान वारले होते, धुळ्याला. त्यांच्या उत्तरकार्याला अक्का सकाळच्या बसने निघाली. निघताना तिने मनीषाला विचारलं, "जाऊ ना मी? ऱ्हाशी ना एकटी?" मनीषाने मान डोलावली. मीही तिथेच होतो, चपला घालत. त्या घातल्या आणि कामाला निघालो.

दुपारचे सव्वाबारा झाले असतील. मी एका बंगल्यावर कूलरची मोटर खोलून बसलो होतो. घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. फोन वाजला. मनीषा. ती काय बोलली त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे.

"तिला झोळीत टाकलंय. आत्ताच पाजलं, झोपलीये. कूलर लावलाय. मी बाहेर चालले. घरात थांबले तर माझ्या हातून होईल काहीतरी. तुम्ही या. लगेच या. येताय ना?"

मी म्हणालो, "आलो."

"नक्की?"

"अगं, आलो म्हटलं ना."

मी गेलो नाही.

मोटर जोडली. पाणी सोडून बघितलं. हात धुतले. वाटेत रसवंतीवर ओळखीचा एकजण बसला होता, त्याने हाक मारली. उसाचा रस घेतला. दुसरा ग्लासही घेतला. तिथून आणखी एका घरी गेलो, त्यांच्या कूलरचा पंप पाणी ओढत नव्हता. तो बदलला. मधे एकदा तरी आठवलं का, असं तुम्ही विचाराल. आठवलं. दोनदा आठवलं. बाहेर म्हणजे कुठे जाणार ही, असं वाटलं. गॅलरीत उभी असेल. आणि आणखी एक वाक्य मनात आलं होतं, ते आजवर मी स्वतःपुढेही उच्चारलं नव्हतं — आज कळू दे हिला. हाक मारली की मी पळत येत नाही, हे कळू दे.

पावणेतीनला घरी पोचलो. दाराला बाहेरून कडी होती.

आमच्या गल्लीची लाइट एकच्या सुमारास गेली होती, हे मला नंतर समजलं. कूलर बंद. खिडकी बंद. स्लॅबची खोली. गार्गी झोळीत होती आणि रडत नव्हती. ओठ सुकून पांढरे झालेले, टाळू आत गेलेली, डोळे अर्धे उघडे. अंगाला हात लावला आणि मी ओरडलो. खालच्या वहिनी धावत वर आल्या. बाळाला ओल्या कपड्यात गुंडाळून त्या स्कूटरवर माझ्यामागे बसल्या. वरून त्यांना रडणं ऐकू आलं नव्हतं का? आलं होतं. त्यांना वाटलं, आई आहे घरात.

दवाखान्यात सलाईन लावायला शीर सापडत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला झटका आला. पाच दिवस ती तिथे होती. वाचली. आता दुसरीत आहे.

मी तिथल्या बाकावर बसलेलो असताना अक्का धुळ्याहून थेट दवाखान्यात आली. पदराने घाम पुसत म्हणाली, "काय व्हयनं? पोरनी माय कोठे शे?"

मी म्हणालो, "माहीत नाही. मी आलो तर दाराला बाहेरून कडी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मग अक्काने विचारलं, "तिना फोन उना व्हता का तुले?"

मी म्हणालो, "नाही आला."

इतक्या सहज निघालं ते. मला आजही तो आवाज आठवतो, माझाच.

संध्याकाळी बाळाचे कपडे आणायला घरी गेलो. मनीषाचा मोबाईल फडताळात पावडरच्या डब्याशेजारी होता. ती तो घेऊन गेलीच नव्हती. मी तो उघडला आणि त्या फोनची नोंद काढून टाकली. माझ्या मोबाईलमधूनही काढली. आधीचे चार-पाच फोन तसेच राहू दिले, म्हणजे संशय नको. कपडे घेतले, दुपटी घेतली, कुलूप लावून निघालो. त्या क्षणी माझी मुलगी जगते की नाही हे माहीत नव्हतं. आणि मी हे करत होतो.

मनीषा कुठे होती? बसस्टँडवर जाऊन तिने धुळ्याची बस धरली, तिथून शिंदखेड्याची. अंधार पडता पडता आबांच्या दारात उभी राहिली. बाळ कुठाय, असं आबांनी विचारलं तर म्हणाली, "त्यांच्याकडे. मी फोन करून निघाले." मग ती झोपली. कित्येक आठवड्यांनी झोपली. बाळ सुखरूप आहे या भरवशावर झोपली. जागी झाली तेव्हा जळगावहून फोन येऊन गेला होता, वडील उशाशी बसून रडत होते.

तिसऱ्या दिवशी आबा जळगावला आले. टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. म्हणाले, "जवाईबापू, ती म्हनस तिनी फोन लाया व्हता. तुमी सांगा, उना व्हता का?"

मी खिशातून मोबाईल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांना त्यातलं फारसं वाचता येत नाही. थोडा वेळ बघितला आणि परत दिला.

"मंग तिले भास व्हयना व्हई," ते म्हणाले.

भास हा शब्द मला सुचला नव्हता. तो तिच्या वडिलांनी दिला, आणि मी घेतला. पुढे सगळ्यांना मी तोच सांगत आलो.

मनीषा अकरा महिने शिंदखेड्याला राहिली. अक्काने बाळ देऊ दिलं नाही, आणि मीही दे म्हणालो नाही. तिचं दूध आटलं. आबा तिला दर पंधरा दिवसांनी धुळ्याला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचे. एकदा डॉक्टरांनी नवऱ्यालाही बोलावलं. मी गेलो. ती खुर्चीवर बसली होती, हातपाय काडीसारखे झालेले. डॉक्टरांनी मला तिच्यासमोर विचारलं, "त्या दिवशी तिने तुम्हाला फोन केला होता का?"

डॉक्टरांना खरं कळायला हवं होतं, नाही का? त्यावर तिचं औषध ठरणार होतं.

"नाही," मी म्हणालो.

मनीषा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. खूप लक्ष देऊन, एखादं अवघड गणित समजून घ्यावं तशी. डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्या दिवसापासून एक गोळी वाढली. त्या गोळीने तिचा उजवा हात थरथरायचा. कप धरता यायचा नाही.

तिथून निघताना मी तिचा मोबाईल तिला परत दिला. तिने तिथेच, पायऱ्यांवर उभं राहून तो दिवस शोधला. वरखाली करून पुन्हा शोधला. मग म्हणाली, "नाहीये." आणि थोड्या वेळाने, "बरं झालं बघितलं. मला खात्री होती हो, फोन केल्याची."

ती परत आली तेव्हा गार्गी चालायला लागली होती. हिला बघून ती अक्काच्या मागे लपली. अक्काने मला बाजूला घेऊन बजावलं, "तिले एकटी ठेवू नको पोरजोडे." तसंच झालं. सहा वर्षं तसंच. मनीषा पोरीची वेणी घालायला बसली तरी अक्का भाजी निवडायचं निमित्त करून समोर बसायची. शाळेत सोडायला अक्का, डॉक्टरकडे अक्का. गल्लीत बायका आपापसात काय म्हणायच्या ते मला माहीत आहे. मनीषालाही. तिने कधी तक्रार केली नाही. कशी करणार? तिचा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता. गॅस बंद केला का, हे ती मला तीनदा विचारते. "मी केलाय, पण तुम्ही बघा."

गेल्या महिन्यात आम्हाला मुलगा झाला. तिला दुसरं नको होतं, पण झालं. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तिने नियम सांगितले. तिनेच. खोलीत कायम कुणीतरी हवं. दार उघडं हवं. पाजून झालं की बाळ लगेच दुसऱ्याच्या हातात. तेलवाली बाई आली की मनीषा खोलीबाहेर जाऊन बसते. बाळ रडायला लागलं तर ही जागेवरून उठत नाही. अंग पुढे झुकतं, हात उचलले जातात, आणि पुन्हा मांडीवर येतात. हे मी रोज बघतो. समोर बसून बघतो, कारण तिच्यावर पहारा ठेवायला मी असतो.

दहा-बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. दुपारी मी वाळलेली दुपटी घडी करत होतो. ती म्हणाली, "एक विचारू? मला अजून तो फोन ऐकू येतो. तुमचा आवाज. मागे मोटरचा आवाजसुद्धा. तुम्ही आलो म्हणालात, मी नक्की म्हणाले, तुम्ही थोडे चिडलात. जे झालंच नाही ते माणसाला इतकं स्पष्ट कसं ऐकू येतं हो?"

मी घडी घालत राहिलो. म्हणालो, "होतं असं कधीकधी."

म्हणजे जुनंच एक खोटं होतं असं नाही. परवापरवाचंही आहे.

त्यानंतर मला जेवण जाईना. दोनदा सांगायला म्हणून तिच्यापुढे बसलो आणि उठलो. चार दिवसांपूर्वी, सकाळी, अक्का गार्गीला शाळेच्या रिक्षात बसवायला खाली गेली होती. मनीषाचं पाजून झालं. नेहमीसारखं तिने बाळ माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केले नाहीत.

"मनीषा, तू फोन केला होतास."

तिला कळलं नाही. बाळ तसंच धरून राहिली.

"त्या दिवशी. सव्वाबाराला. मी आलो म्हणालो आणि आलो नाही. रस पीत बसलो होतो."

तिने बाळाचं डोकं सावरलं. मग तिने विचारलं, "मोबाईलमध्ये?"

"मी काढून टाकला. दोन्हीतून."

"डॉक्टरांसमोर तुम्ही बसला होतात."

"हो."

ती रडली नाही. माझ्यावर ओरडली असती तर — नाही, ते मी माझ्यासाठी म्हणतोय. तिने बाळ परत छातीशी घेतलं, उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

अक्का वर आली. बंद दार बघून तिचा चेहरा बदलला. "कडी का लावी? पोर मजार शे ना?" म्हणत, बाळ आत आहे म्हणून घाबरून दाराकडे धावली. मी आडवा उभा राहिलो. म्हणालो, "अक्का, बस. तुला सांगायचंय."

सगळं सांगितलं. अक्का खाली जमिनीवर बसली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. म्हणाली, "मी तिले सात वरीस —" मग भिंतीचा आधार घेत उठली, दाराशी गेली, आणि बाहेरूनच म्हणाली, "मनीषा, तुले खावाले काय आनू?"

आतून बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं. तास-दीड तासाने दार उघडलं. बाळ न्हालेलं होतं. तिने आतल्या मोरीत एकटीने न्हाऊ घातलं होतं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी आलं का, गार्गीची वही आणा. असं का केलंत, हे तिने एकदाही विचारलं नाही. पुढे काय करायचं तिने ठरवलंय, की नाही ठरवलं, मला माहीत नाही. ते मी विचारणार नाही.

काल सकाळी मी जिन्यात स्कूटरची किल्ली शोधत होतो. ती वर गॅलरीत बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती, दुसऱ्या हातात मोबाईल. शिंदखेड्याला बोलत होती.

"आबा, मी फोन लाया व्हता," ती म्हणाली. "हां. खरंच लाया व्हता."

तिकडून काहीतरी विचारलं असावं. तिने तेच पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा, सावकाश, एकेक शब्द सोडून. आबा काय म्हणाले ते मला जिन्यात ऐकू आलं नाही.